वाचक विचारतात : चेल्टनहॅमनंतरची वही

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या चेल्टनहॅमला दर मार्चमध्ये मंगळवार ते शुक्रवार अडथळ्यांच्या शर्यतींचा महोत्सव भरतो. रोज सात, एकूण २८ शर्यती. आपल्या महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे सपाट ट्रॅकवर धावतात. चेल्टनहॅमला मात्र किमान साडेतीन फुटी हर्डल नाहीतर किमान साडेचार फुटी कुंपणं ओलांडायची असतात, आणि शेवटी दम काढणारा चढ असतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची यावर बरीच पत्रं येतात, इथूनही काही येतात. यंदा जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता : लावलेल्या बेट मागे वळून तपासायच्या कशा? उदाहरणं मुद्दाम मार्च २०२५ ची घेतली आहेत. त्या चार दिवसांनी भल्याभल्यांचे हिशेब उलटेपालटे केले होते. पत्रांत आणि उत्तरांत ८/१ असा भाव आला की अर्थ एवढाच : एक लावला तर नफा आठ, शिवाय लावलेला एक परत.

प्र. चार दिवसांत २२ बेट लावल्या. तीन घोडे जिंकले, ७/१, ५/१ आणि ९/२ भावाचे. तरी शेवटी ६४ पौंड तोटा. माझी निवड वाईट होती की नशीब? (लेस्टर)

६४ पौंड या आकड्यावरून काहीच कळत नाही. आधी प्रत्येक बेट एकाच मापाची, म्हणजे एक पॉइंटची होती असं धरून हिशेब पुन्हा मांडा. जिंकलेल्या तिघांचा नफा ७ + ५ + ४.५, म्हणजे १६.५ पॉइंट. हरलेल्या १९. निव्वळ तोटा अडीच पॉइंट, लावलेल्या पैशांच्या साधारण ११ टक्के. तुमचा खरा तोटा याहून बराच मोठा असेल तर दोष निवडीत नाही, पैसे लावण्याच्या पद्धतीत आहे. हरणाऱ्यावर २० आणि जिंकणाऱ्यावर २ पौंड, असं झालं असणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्कम वाढत गेली का, तेही पाहा. मंगळवारचा तोटा शुक्रवारी भरून काढायला गेलेल्यांच्या वहीत हे हमखास दिसतं.

आता नशिबाकडे. समजा तुमच्या प्रत्येक घोड्याचा भाव ८/१ होता आणि तो अगदी रास्त होता, म्हणजे नऊपैकी एकदा जिंकण्याची शक्यता. अशा २० बेटमध्ये एकही न जिंकण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येते. चांगली निवड करणारा माणूसही दहा-अकरा महोत्सवांत एकदा रिकाम्या हाताने परतणार. त्यामुळे एका महोत्सवाच्या नफ्यातोट्यावरून स्वतःला शाबासकी देऊ नका आणि शिव्याही देऊ नका.

मग तपासायचं काय? प्रत्येक बेटला दोन प्रश्न विचारा आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. पहिला : मी घेतलेला भाव चांगला होता का? दुसरा : मी ज्या कारणासाठी घोडा घेतला, ते कारण शर्यतीत खरं ठरलं का? घोडा जिंकला का, हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. वहीत बेटची वेळ, घेतलेला भाव, रक्कम, त्या वेळची जाहीर जमीन, म्हणजे ती किती मऊ आहे ते (गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट) आणि कोर्स, एवढं पुरे. मंगळवार-बुधवारी जुना कोर्स असतो, गुरुवार-शुक्रवारी नवा. शिवाय कारण एका ओळीत, आणि ते शर्यतीआधीच लिहायचं. नंतर लिहिलेलं कारण निकालाकडे बघूनच सुचतं, त्याला काही किंमत नाही.

प्र. कॉन्स्टिट्यूशन हिल पडला तर ती बेट वाईट म्हणायची का? आणि त्याच शर्यतीत माझ्या मेहुण्याने २५/१ ने गोल्डन एस लावली होती, तो आता स्वतःला जाणकार समजतो. (रेडिंग)

मेहुण्यांना थोडा वेळ द्या, त्यांच्याकडे येतो.

११ मार्च २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये आठ हर्डल होत्या. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा, कॉन्स्टिट्यूशन हिल पाचव्या हर्डलवर पडला. तिथवर शर्यतीला खरा वेग आलेला नव्हता. त्यामुळे दुसऱ्या रकान्यात ‘उत्तर नाही’ असं लिहा. तो जिंकला असता की नसता, हे त्या धावेतून कळत नाही. स्टेट मॅनचं वेगळं आहे. तो शेवटच्या हर्डलवर स्पष्ट आघाडीवर असताना पडला. त्याचं कारण जवळजवळ खरं ठरलं होतं, म्हणून त्याच्या रकान्यात ‘धावला’ असं लिहायचं. एकाच शर्यतीतल्या दोन पडण्यांची नोंद अशी वेगळी होते. ‘दोन्ही पडले, नशीब फुटकं’ एवढ्यावर थांबलात तर वहीचा उपयोग नाही.

मात्र पडणं म्हणजे निव्वळ नशीब, असंही धरू नका. हर्डल किंवा कुंपण ओलांडणं हा घोड्याच्या कसबाचाच भाग आहे. कॉन्स्टिट्यूशन हिल त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) या मैदानावरही पडला. एकदा पडणं अपघात म्हणून सोडता येतं. लागोपाठ दोनदा पडला की घेतलेला भाव कमी होता का, हे पुन्हा तपासावं लागतं. म्हणून ‘उत्तर नाही’च्या पुढे पेन्सिलीने एक खूण करा आणि पुढच्या धावेनंतर ती ओळ परत उघडा.

आता गोल्डन एस. आघाडीचे दोघे पडले म्हणून ती जिंकली, हे खरं. पण मेहुण्यांना एकच विचारा, लावताना कारण काय लिहिलं होतं? या घोडीने २०२४ मध्ये याच मैदानावर मेअर्स नॉव्हिसेस हर्डल जिंकताना ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं, आणि तीच ब्रायटरडेजअहेड २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये कितीतरी कमी भावाने उतरली होती. शिवाय घोडीला नरांपेक्षा सात पौंड कमी वजन. २५/१ ला ही दोन कारणं वहीत आधी लिहिलेली असतील, तर ती बेट चांगलीच होती, पुढचे दोघे उभे राहिले असते तरीही. नाव आवडलं म्हणून लावली असेल तर पैसे खुशाल खिशात घाला, पण ती ओळ निवडीच्या हिशेबातून काढा.

प्र. मी सकाळी ८/१ घेतला, शर्यत सुटताना भाव ११/२ होता. म्हणजे मी बाजाराला हरवलं ना? (बर्मिंगहॅम)

पत्रात पुढे तुम्हीच लिहिलं आहे की दुपारी २/१ चा फेव्हरिट काढून घेतला. मग तुमचा ८/१ आता ८/१ राहिलेला नाही. बेट लागल्यावर घोडा बाहेर पडला की बुकी नफ्यातून कपात करतो. हा रूल फोर. कपात निघालेल्या घोड्याच्या भावावर ठरते. ६/१ ते ९/१ चा गेला तर पौंडामागे १० पेन्स, १०/१ ते १४/१ चा गेला तर ५ पेन्स, १४/१ च्या वरचा गेला तर काही नाही. २/१ चा गेला तर पौंडामागे ३० पेन्स. १० पौंडांवर तुमचा नफा ८० ऐवजी ५६ झाला, म्हणजे खरा भाव ५.६/१. एसपी, म्हणजे शर्यत सुटताना जाहीर होणारा अधिकृत भाव, होता ५.५/१. तुम्ही बाजाराला हरवलं नाही, जवळपास बरोबरी केली.

कपात वजा करून उरलेला भाव वहीत लिहायचा आणि त्याचीच एसपीशी तुलना करायची. हे न केल्यामुळे आपण फार वरचढ भाव मिळवतो असा समज करून घेतलेले बरेच लोक आहेत.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. एसपीला हरवलं म्हणजे फायद्याची बेट झाली असंही नाही, कारण एसपीतच बुकीचा नफा मिसळलेला असतो. तो काढून पाहायचा. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याचा भाव टक्क्यांत मांडा : १०/१ म्हणजे १०० भागिले ११, म्हणजे ९.०९. सगळ्यांची बेरीज करा. मोठ्या हँडिकॅपमध्ये (जिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून बरोबरी साधतात) समजा ती १३२ आली. मग १०/१ वाल्याची खरी शक्यता ९.०९ भागिले १.३२, म्हणजे सुमारे ६.९ टक्के, आणि रास्त भाव साधारण १३.५/१. तुम्ही १२/१ घेतला आणि एसपी १०/१ आला, तरी तुम्ही रास्त भावाच्या खालीच राहिलात. हा भागाकार ढोबळ आहे. मोठ्या भावांच्या घोड्यांवर बुकी जादा नफा ठेवतो, म्हणजे खरी स्थिती आणखी वाईट असते. एक्स्चेंजवरचा (जिथे लोक एकमेकांशीच बेट लावतात) शर्यत सुटतानाचा भाव मिळाला तर कमिशन वजा करून त्याच्याशी तुलना करा, तो मापदंड जास्त कडक आणि जास्त प्रामाणिक. चारपाच घोड्यांच्या शर्यतीत बेरीज शंभरच्या जवळ असते, तिथे एवढा खटाटोप नको.

प्र. हँडिकॅपमध्ये ५ पौंड ईच-वे, १६/१. घोडा चौथा आला तरी बुकीने काही दिलं नाही. सकाळी १६ घोडे होते. फसवलं का? (क्रॉयडन)

५ पौंड ईच-वे म्हणजे ५ जिंकण्यावर आणि ५ पहिल्या काही क्रमांकांत, म्हणजे ‘जागेत’, येण्यावर. सकाळी १६ होते, सुटताना १५ राहिले असणार. तपासा. नेहमीच्या अटींत हँडिकॅपला १६ किंवा जास्त घोडे असतील तर चार जागा, एक चतुर्थांश भावाने. १२ ते १५ असतील तर तीनच. मोजणी सुटतानाच्या घोड्यांची होते. एक घोडा निघाला आणि तुमचा चौथा क्रमांक बाद झाला. १६ राहिले असते तर जागेच्या ५ पौंडांवर ४/१ ने २० नफा आणि मूळ ५, असे २५ हातात आले असते. जिंकण्यावर लावलेले ५ गेले धरूनही १५ पौंड वर. आता पूर्ण १० गेले. आठ घोड्यांच्या शर्यतीतही हीच गत. एक निघाला की तीनऐवजी दोन जागा आणि पाचव्या हिश्श्याऐवजी चौथा हिस्सा. काही बुकी महोत्सवात जागा वाढवून देतात, पण मग हिस्सा एक पंचमांश असतो आणि अटी बेट लावतानाच वाचाव्या लागतात.

तपासताना ईच-वे म्हणजे दोन बेट आहेत हे धरून दोन ओळी करा, एक जिंकण्याची आणि एक जागेची. १६/१ ची जागा ४/१ देते, म्हणजे पाचातून एकदा जागा मिळाली तर बरोबरी. वर्षभराच्या वहीत तुमचे असे घोडे किती वेळा जागेत आले ते मोजा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक वह्यांत जागेची ओळ जिंकण्याच्या ओळीचा तोटा झाकत असते, क्वचित उलटंही असतं. एकत्र लिहिलं तर दोन्ही दिसत नाहीत. चौथ्या जागेसाठी दोन घोडे बरोबरीत आले तर अर्ध्या रकमेवरच भाव मिळतो, म्हणजे २.५० वर ४/१, हातात साडेबारा. हेही बुकीची चूक समजून लोक भांडतात.

प्र. चार फेव्हरिटांची एकत्र बेट (चारही जिंकले तरच पैसे) लावली, चारातले दोन हरले. पुढच्या वेळी तीनची लावू का? (स्लाउ)

एकेकटी का नाही लावली? समजा प्रत्येक घोड्यावर बुकीचा फायदा पाच टक्के आहे. वेगवेगळ्या लावल्या तर शंभरामागे पाच जातील. चार एकत्र गुंफल्या की ०.९५ चारदा गुणायचं, ०.८१४५ येतं. शंभरामागे साडेअठरा गेले. तीन गुंफल्या तरी चौदाच्या वर. निवड तीच राहते, वजाबाकी तेवढी वाढते. वहीत अशा बेटमधला प्रत्येक घोडा एकेकट्या ओळीत लिहून ठेवा, म्हणजे निवड कशी होती ते तरी कळेल.

प्र. शर्यतीचं चित्रण पुन्हा पाहताना नेमकं काय बघू? मला फक्त शेवट दिसतो. (लंडन)

म्हणूनच शेवट सगळ्यात शेवटी बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त आपल्या घोड्यावर नजर ठेवा आणि प्रत्येक अडथळ्यापाशी एक अक्षर लिहा : चांगली उडी, अडखळला, तिरका गेला. गोल्ड कपला २२ कुंपणं आहेत, कंटाळवाणं वाटेल, पण बाविसातल्या सात ठिकाणी घोडा उजवीकडे सरकला असेल तर ते डोळ्यांनी नाही, कागदावरच दिसतं. चेल्टनहॅम डावीकडे वळणारा कोर्स आहे. दर उडीला उजवीकडे सरकणारा घोडा तिथे जमीन गमावत राहतो, तोच घोडा पंचेस्टाउनला, म्हणजे उजव्या वळणाच्या कोर्सवर, वेगळा दिसू शकतो.

दुसऱ्यांदा वेग बघा. पुढे कोण होतं आणि शेवटी त्यांचं काय झालं? पुढचे तिघे सगळ्यात मागे फेकले गेले तर सुरुवातीचा वेग जास्त होता आणि मागून आलेल्यांना फुकटचा फायदा मिळाला. तुमचा घोडा पुढे असूनही पाचवा आला, तर तो पाचवा क्रमांक कागदावर दिसतो त्याहून चांगला. जुन्या कोर्सवर पुढे राहणाऱ्यांना जरा बरं जातं, नव्यावर दमाची परीक्षा मोठी, हेही जमेस धरा.

तिसऱ्यांदा उतारापासून शेवटापर्यंत. उतारावर जॉकीने हात हलवायला सुरुवात केली, तरी चढावर घोडा पुन्हा जवळ आला, तर त्याला जास्त अंतर हवं. उतारावर मजेत आणि चढावर खलास, तर कमी अंतर किंवा सपाट कोर्स. २०२५ च्या गोल्ड कपआधी अशीच एक खूण समोर होती. फेब्रुवारीत लेपर्ड्सटाउनच्या आयरिश गोल्ड कपमध्ये गालोपँ दे शाँ जिंकला आणि आयनोदवेयुअरथिंकिन मागून येत चौथा आला. चेल्टनहॅमला अंतर जास्त, तीन मैल अडीच फर्लाँग, शिवाय चढ. तिथे जादा शुल्क भरून दाखल केलेल्या त्याच चौथ्याने फेव्हरिटला सहा लेंथने (घोड्याच्या लांबीने) मागे टाकलं. चौथा आला म्हणून ज्यांनी त्याला खोडलं, त्यांनी क्रमांक वाचला, शर्यत वाचली नाही.

ज्यांनी गालोपँ दे शाँ घेतला त्यांनीही फार डोकं धरू नये. ८/१३ भाव (१३ लावले तर नफा ८) म्हणजे सुमारे ६२ टक्के. असा घोडा शंभरात ३८ वेळा हरणारच, आणि तो दुसरा आला. ‘फेव्हरिट हरला’ हे त्या बेटविरुद्ध कारण होत नाही. ६२ टक्के देण्याइतकी तुमची खात्री कशावर होती, हे मात्र विचारायला हवं.

प्र. १००/१ चा पोनिरॉस ट्रायम्फ हर्डल जिंकला. तो माझ्याकडून कसा सुटला ते कळत नाही. (मँचेस्टर)

सुटला नाही. तो हर्डलवर त्या दिवशी पहिल्यांदाच धावत होता. सपाट शर्यतीतला फॉर्म होता, ट्रेनर विली मलिन्स, एवढंच हातात. त्याच यार्डचे, म्हणजे तबेल्याचे, इतर घोडे शर्यतीत होते आणि बाजाराने त्यांना पुढे ठेवलं होतं. मानेएवढ्या फरकाने लुलांबा हरला. लुलांबा घेतलेल्यांनी ‘कारण खरं ठरलं, घोडा दुसरा’ असं लिहून पान उलटावं. न घेतलेल्या विजेत्यांची यादी वहीत करूच नका. ती दरवर्षी २५-२६ ओळींची होणार आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्हाला वाटेल ते १००/१ वाले घ्यायला लावणार.

प्र. ठाण्यात राहून लावायचं झाल्यास कसं? नाहीतर नुसता अभ्यास तरी? (ठाणे)

भारतात बसून परदेशी बुकीच्या संकेतस्थळावर पैसे लावण्याची मुभा कायदा देत नाही, त्यामुळे तो मार्ग सांगणार नाही. अभ्यास मात्र कागदावर पूर्ण होतो, आणि कागदी बेट तपासायला तर जास्त सोप्या. फक्त स्वतःला सवलत देऊ नका. मार्चच्या मध्यावर ब्रिटनमध्ये घड्याळं अजून पुढे केलेली नसतात, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. रोज साडेतीनला जो भाव दिसेल तोच लिहायचा. दिवसभरातला सर्वांत चांगला भाव निवडलात तर वही नफा दाखवेल आणि तो खोटा असेल. २४ घोड्यांच्या शर्यतीत ‘हे चारही माझेच होते’ असं नंतर म्हणण्याचा मोह होतो, म्हणून यादी शर्यतीआधी एखाद्या मित्राला पाठवून ठेवा.

प्र. हिशेब उघडायची हिंमत होत नाही. घरी आकडा सांगितलेला नाही. (नाव-गाव नको)

मग ही वही तुमच्यासाठी नाही. निवड सुधारून हा आकडा भरून निघणार नाही. ब्रिटनमध्ये असाल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा, परवानाधारक सगळ्या ऑनलाइन बुकींची दारं एकदम बंद होतात. नोंदणी फुकट आहे आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही. त्याच दिवशी आकडा घरातल्या एका माणसाला सांगा, शक्यतो पैशांचे व्यवहार ज्यांच्याबरोबर आहेत त्यांना.

प्र. चेल्टनहॅमची वही एंट्रीला वापरता येते का? (लीड्स)

अर्धी. एंट्रीच्या शर्यती साधारण तीन आठवड्यांनी असतात आणि चेल्टनहॅमला जीव तोडून धावलेला घोडा तेवढ्यात सावरत नाही, असं पुष्कळदा होतं. ग्रँड नॅशनल सोडली तर तिथल्या बहुतेक शर्यती सपाट, तंग वळणांच्या कोर्सवर होतात, चढ नसतो. त्यामुळे ‘उतारावर मजेत, चढावर खलास’ असं लिहिलेले घोडे आधी निवडून काढा, त्यातही जे चेल्टनहॅमला लवकर पडले किंवा जॉकीने मध्येच थांबवले ते. त्यांचे पाय ताजे असतात. मग जमीन बघा. चेल्टनहॅमला सॉफ्ट होती आणि एंट्रीला गुड असेल, तर पेन्सिलीने केलेल्या खुणा पुन्हा वाचून मगच भाव बघा, आधी नाही.